तारेला लाकूड लागतं तेव्हा

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हिंदी-मराठी सिनेगीतं, लावण्या, कोळीगीतं. गणेशोत्सव, जत्रा, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम. तिथे पडद्यांचा बेस चोख काम करायचा. पडद्यामागे बोट दाबलं की ठरलेला सूर निघतो, आणि सोबतचा की-बोर्डही त्याच सुरांना बांधलेला असतो. पुढे अभंगांच्या आणि भावगीतांच्या मैफलींची बोलावणी येऊ लागली. तिथे गायकाच्या मागे तानपुरा असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्या आतून गंधार आपोआप बोलू लागतो. त्या गंधाराशेजारी माझ्या बेसचा गंधार आला की दोघांची ओढाताण ऐकू यायची. गायकाला ती कळायची आणि मलाही.

ही ओढाताण येते कुठून, ते मी मोजून पाहिलं. नटापासून, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या आडपट्टीपासून, घोडीपर्यंत बेसच्या तारेची लांबी 34 इंच, म्हणजे साधारण 864 मिलिमीटर. मोकळी तार षड्ज धरली, तर की-बोर्डच्या बारा समान भागांच्या सप्तकाप्रमाणे गंधाराचा पडदा नटापासून 178 मिलिमीटरवर येतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार त्याच तारेवर काढायचा तर बोट 173 मिलिमीटरच्या आसपास ठेवावं लागतं. म्हणजे तब्बल पाच मिलिमीटरचा फरक. पंचमाच्या बाबतीत हाच फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी आहे, म्हणून पंचम कधी खटकत नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे ते सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. ते सरकत नाहीत, काढूनच टाकावे लागतात.

हा मार्ग बऱ्याच जणांनी आधी चोखाळला होता. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये बाजारात आणलेल्या बेसचं नावच ‘प्रिसिजन’ होतं, कारण पडद्यांमुळे सूर अचूक लागतो हेच त्याचं मोठं वैशिष्ट्य. उभा डबल बेस वाजवणाऱ्यांना सुराची जागा दर वेळी शोधावी लागे, ती दगदग पडद्यांनी संपवली. पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमन यांनी 1961 मध्ये एका स्वस्त बेसचे पडदे उपटून काढले. 1966 मध्ये अ‍ॅम्पेग कंपनीने बिनपडद्याचा बेस कारखान्यात बनवून विकायला आणला. आणि जॅको पास्टोरियस यांच्या 1976 च्या पहिल्या अल्बमनंतर हा बेस गाऊ शकतो हे जगाला कळलं. जॅकोंनी आपल्या बेसच्या बोटांखालच्या पट्टीवर होड्यांना लावतात तसला इपॉक्सीचा कडक थर दिला होता. तार, लाकूड आणि त्यांच्यामधला थर यांवर या वाद्याचा आवाज ठरतो, हे मी जॅकोंबद्दलच्या लिखाणातच पहिल्यांदा वाचलं. वाचलं खरं, समजलं ते मिरजेत.

मी सांगलीचा. मिरज इथून दहा-बारा किलोमीटरवर. तिथल्या शिकलगार मंडळींची मूळ कला हत्यारांना धार लावण्याची; एकोणिसाव्या शतकात ती मंडळी तंतुवाद्यांकडे वळली आणि मिरजेचा तानपुरा देशभरच्या गवयांच्या मागे उभा राहिला. भोपळे पंढरपूरकडून येतात, दांडी आणि तबली बहुधा तुनाच्या लाकडाची. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशाच एका कारखान्यात मी जाऊन बसायला लागलो. कारखाना म्हणजे रस्त्यालगतची लांबट खोली, वर टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. इलेक्ट्रिक गिटार त्यांनी कधी हातात घेतली नव्हती. ‘भोपळा नाही, तबली नाही, मग आवाज कुठून येणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, तार हलली की त्यात वीज उमटते, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते वायरीचं तू बघ. तार कशावर हलते ते मी बघतो.’

अंग कशाचं करायचं, यावर मी बराच काळ विचार केला. शेवटी पाडलेल्या एका जुन्या वाड्याची फणसाची तुळई वखारीत मिळाली. फणसाचं लाकूड ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं दिसतं आणि उजेडात हळूहळू तपकिरी होत जातं. जुनं लाकूड वाळलेलं असतं, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात खिळे दडलेले असतात, म्हणून रंधा लावण्याआधी चुंबक फिरवून एकेक खिळा शोधायचा. फळ्यांचे दोन तुकडे कडेला कडा जोडून 45 मिलिमीटर जाडीचं अंग तयार केलं. फणस शिवणीपेक्षा वजनदार, म्हणून आतून कप्पे कोरून वजन कमी केलं. पुढची काही वाद्यं मी शिवणीची केली. शिवण हलकी, सरळ आणि पावसाळ्यात फारशी न हलणारी. तिच्यावर पटाशी सहज चालते.

अंगाचा आकार मी दिसण्यासाठी ठरवत नाही. पट्टा जिथे अडकवतो ते वरचं शिंग बाराव्या पडद्याच्या जागेपर्यंत पुढे आलं तर वाद्य गळ्यात आडवं, स्थिर राहतं. शिंग आखूड राहिलं की खुंट्यांच्या वजनाने दांडी जमिनीकडे झुकते, आणि वाजवणाऱ्याचा डावा हात सूर शोधण्याऐवजी दांडी सावरण्यात गुंततो. बिनपडद्याच्या वाद्यावर डावा हात पूर्ण मोकळा असावा लागतो. त्यामुळे कागदावर आकार काढताना मी आधी तो बिंदू ठरवतो आणि बाकीच्या रेषा त्याच्याभोवती ओढतो.

सगळ्यात कठीण काम दांडीचं. बेसच्या चार तारा मिळून साधारण 75 ते 80 किलोची ओढ देतात. एक धडधाकट माणूस दांडीला रात्रंदिवस लटकून असावा, तेवढी ती ओढ. एकसंध लाकूड त्या ओढीने कधी ना कधी वाकतंच. म्हणून दांडी मी सागवानाच्या पट्ट्या आणि मध्ये शिसवीची पट्टी अशी जोडून करतो. शेजारच्या पट्ट्यांच्या रेषा उलटसुलट ठेवल्या की एकीचा कल दुसरी रोखते. आतून पोलादी सळई जाते, ती किल्लीने आवळली की तारांच्या ओढीला उत्तर मिळतं. सागवान तेलकट असतं. डिंक लावण्याच्या अगदी आधी जोडाच्या कडा थिनरने पुसल्या नाहीत तर जोड धरत नाही. हे मला एका सुताराने शिकवलं. तो दारं-खिडक्या करायचा, पण सागवानाचा स्वभाव त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

बोटांखालची पट्टी शिसवीची. आपल्याकडची शिसव जगभरातल्या गिटारांच्या पट्ट्यांसाठी जाते, ती आपल्याच वखारीत मिळते याचा मला अजूनही आनंद वाटतो. पडद्यांच्या वाद्यात ही पट्टी थोडी उंचसखल असली तरी चालून जातं, कारण तार पडद्यावर टेकते. इथे तार थेट लाकडावर येते. पोलादी पट्टी उभी धरून मागे दिवा ठेवायचा आणि जिथून उजेड दिसेल तिथे सोडून बाकीचं घासायचं. पुन्हा पट्टी, पुन्हा दिवा. हात भरून येतात. पण ही घासाघास करतानाच डोळ्यांना बारीक फरक ओळखण्याची सवय लागते, ती दुसऱ्या कुठल्या वाटेने लागत नाही.

तारा चढवलेला पहिला बेस मी चाचांकडे नेला. अ‍ॅम्प नव्हता, नुसती तार छेडायची. त्यांनी अंगाला कान लावला, बोट तारेवरून वर-खाली सरकवलं आणि म्हणाले, ‘ह्याची जवारी बंद आहे. तार लाकडाला लागू दे.’

गिटारच्या कामात तार मध्येच कुठे लागली तर तो दोष मानतात, तार उचलून तो घालवतात. माझं सगळं शिक्षण त्याच मताचं होतं. जवारीचं शास्त्र याच्या उलट आहे. तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलकी गोलाई असते. थरथरणारी तार त्या गोलाईला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तिच्या टेकण्याची जागा सतत बदलत राहते. त्या घासण्यातूनच वरचे सूर जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात हेच दाखवलं: तार नेमकी मध्यावर छेडली तर जे उपस्वर नियमाप्रमाणे उमटायला नकोत, तेही तानपुऱ्यात आणि वीणेत स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीची रचना. मिरजेत ते कानशीने साधतात. कानशीचे दोन हात, तार चढव, छेड, ऐक, तार आणि घोडी यांच्यामधला जिवाचा दोरा केसभर सरकव, तार उतरव, पुन्हा कानस. चाचांना एका घोडीवर अर्धा दिवस असं बसलेलं मी पाहिलंय. कुठलंही माप त्यांच्या हातात नसे.

बिनपडद्याच्या बेसवरही नेमकं हेच घडतं, फक्त घोडीच्या जागी लांबलचक पट्टी असते. मऊ बोटाने दाबलेली तार लाकडापासून फार उथळ कोनाने वर निघते. बोटाच्या पुढे ती लाकडाला निसटती घासत जाते, आणि सूर उमटल्यानंतर ‘म्वाँ’ असा उमलत जातो. माझ्या पट्टीपासून तारा उंच होत्या, म्हणून त्यांना लाकूड लागतच नव्हतं. आम्ही नटाच्या खाचा इतक्या खाली नेल्या की तार आणि पट्टी यांच्यामधून कागद जेमतेम सरकावा. बाराव्या पडद्याच्या जागी तारेची उंची दोन मिलिमीटरवर आणली. पट्टीला मध्यभागी दोन-दशांश मिलिमीटरचा खोलगटपणा ठेवला. मग तार छेडली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी मान वर केली. जॅकोंचा इपॉक्सीचा थर आणि मिरजेची कानस एकाच प्रश्नावर काम करत होते, हे तेव्हा उमगलं: तार लाकडाला किती, कुठे आणि किती हलकी लागावी.

त्या दिवसानंतर माझी कामाची रीतच बदलली. आधी मी लाकडाची जात, पिकअपची किंमत, खुंट्यांची बनावट यांत अडकलो होतो. आता पहिला प्रश्न तार आणि पट्टी यांच्यामधल्या जागेचा असतो. कुणी भारी लाकडाचा आग्रह धरला तर मी त्याला साध्या शिवणीचा बेस आधी वाजवायला देतो. पट्टी नीट घासलेली असेल तर बहुतेक जण लाकडाचं नाव विचारायचं विसरतात.

पट्टीवर इपॉक्सी चढवायची असेल तर सांगलीचा हिवाळा उत्तम. पावसाळ्यातली दमट हवा इपॉक्सीवर ढगाळ थर आणते, तो घासून काढण्यात आठवडा जातो. कडक थरावर आवाज उजळ, तार जास्त बोलकी. नुसत्या शिसवीवर आवाज मऊ, पण गोल वळणाच्या खरखरीत तारा तिला ओरखडे पाडत जातात. तिथे सपाट वळणाच्या गुळगुळीत तारा घालाव्या लागतात. अभंगाला मला मऊ आवाज जवळचा वाटतो. टाळ आणि पखवाज यांच्यात वरच्या सुरांची गर्दी आधीच असते, बेसने खाली शांत राहावं.

वायरीचा भाग चाचांनी माझ्यावर सोपवला होता, आणि त्यानेही शिकवण दिली. आपल्या विजेची कंपनसंख्या 50 हर्ट्‌झ. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याच्या जागी जो सूर निघतो तो 49 हर्ट्‌झचा. म्हणजे विजेची गुणगुण बेसच्या खालच्या सुरांमध्येच येऊन बसते, आणि तीही किंचित चढी. गावोगावच्या मांडवात अर्थिंग असेलच याची खात्री नसते. एका यात्रेतल्या कार्यक्रमात गायिका आलाप घेत होती आणि स्पीकरमधून तिच्याखाली ही गुणगुण चाललेली. तेव्हापासून मी दोन पिकअप वापरतो: एकाचं वेटोळं दुसऱ्याच्या उलट गुंडाळलेलं, चुंबकही उलटे. दोन्ही एकत्र वाजले की तारेचा आवाज जुळून वाढतो आणि दोन्हींतली विजेची गुणगुण परस्परांना खोडते. वायरींच्या खोबणीला आतून तांब्याचा पत्रा चिकटवतो. पॉट, कपॅसिटर, सॉकेट हे सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीत घराघरात पाणी शिरलं. लोकांचे संसार वाहून गेले, त्यापुढे माझं नुकसान काहीच नव्हतं. खालच्या खोलीतली लाकडं आणि अर्धवट वाद्यं पाण्यात राहिली. सरेसने केलेले जोड सुटले, कारण सरेस पाण्यात मऊ पडतो. प्लायवुडचे थर फुगून उलगडले. फणसाचं अंग मात्र मी उन्हात न टाकता सावलीत, खाली-वर पट्ट्या देऊन, चारी बाजूंनी हवा लागेल असं ठेवलं. टोकांना मेण लावलं, कारण लाकडातलं पाणी टोकांकडून सगळ्यात लवकर निघतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. हिवाळा सरेपर्यंत त्याला हात लावला नाही. त्याला तडा गेला नाही. लाकूड पुरात भिजतं ते काही दिवसांत, वाळतं ते स्वतःच्या वेळेने. त्याला घाई करणारा माणूसच ते फोडतो.

हळूहळू इतरांसाठीही वाद्यं करू लागलो. मुलं येतात, ‘काका, पडद्यांच्या जागी रेषा ठेवाल ना?’ असं विचारतात. पडद्यांच्या खाचांत फिक्या लाकडाची बारीक पट्टी बसवली की अशा रेषा दिसतात. मी त्या देतो. पडद्यांवरून येणाऱ्याला सुरुवातीला त्यांचा आधार वाटतो. एक मुलगी व्हायोलिन शिकून आली होती. तिने साधी, काळीभोर पट्टी मागितली आणि पहिल्याच बैठकीत सूर लावले. तिच्या कानाने बोटाची जागा आधीच ठरवली होती. दोघांनाही मी बाजूच्या कडेवर ठिपके मात्र देतो. पडद्यांच्या गिटारवर ठिपके दोन पडद्यांच्या मध्ये असतात. बिनपडद्याच्या वाद्यावर ते नेमके पडद्याच्या जागीच हवेत, कारण इथे बोटच पडदा असतं. ठिपका जवळपास नेतो. शेवटचे काही मिलिमीटर कान ठरवतो.

आणि कानाला वेळ द्यावा लागतो, हे या वाद्याने मला शिकवलेलं सगळ्यात मोलाचं. दोन सूर किंचित वेगळे असले की त्यांच्यात लाटा ऐकू येतात. 55 आणि 55.5 हर्ट्‌झ एकत्र वाजले तर दोन सेकंदांत एकच लाट येते. खालचे सूर जुळवायचे तर ती लाट येईपर्यंत थांबून ऐकावं लागतं. कार्यक्रमाआधी मी मोबाइलवरच्या ट्यूनरने तार जवळ आणतो आणि मग तानपुऱ्यापाशी बसून राहतो. लाटा लांबत जातात, शेवटी विरतात. मगच मंचावर जातो.

सध्या पाच तारांचा बेस हाती आहे. त्याची सगळ्यात खालची तार 31 हर्ट्‌झच्या आसपास हलते. तिचा झोका मोठा, म्हणून पट्टीची गोलाई तिच्या बाजूला थोडी वेगळी लागते. चाचांचा नातू शनिवारी येतो आणि पट्टीला कानस तोच लावतो. जवारीचं ज्ञान त्याच्या बोटांत घरातूनच आलं आहे. जगात गिटार बनवणारे हजारो कारागीर आहेत. तार लाकडाला हलकी लावून तिच्यातून सूर काढणं ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललं, असे फार थोडे, आणि ते माझ्या गावाशेजारी राहतात. मानांकनाने मिरजेच्या नावाला संरक्षण मिळालं, त्याचा आनंद आहे. आता त्या हातांना नवी वाद्यंही मिळायला हवीत. बेस, गिटार, विजेवरची वीणा, जे जे तारेवर चालतं ते सगळं. जवारी जाणणाऱ्या कारागिराने घासलेली पट्टी कुठल्याही वाद्याला उजवीच ठरेल, आणि ती कला शिकण्याचं वय उलटून न गेलेली मुलं आज तिथे आहेत. त्यांना काम देणं आपल्या हातात आहे.